सांध्यावरची नक्षी

तंतुवाद्यावरची नक्षी बहुतेक वेळा सांध्यावर असते. तंबोऱ्याची दांडी भोपळ्याला जिथे मिळते तिथे लाकडात कोरलेली पाने बसवलेली दिसतात. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, त्याच्या कडेवर जिथे टेकते तिथून पांढरी पट्टी फिरते. गिटारची पुढची आणि मागची फळी बाजूच्या वळवलेल्या पातळ फळीला जिथे सरसाने जोडलेली असते, तिथे हस्तिदंती रंगाची कड येते. सौंदर्यदृष्टीच्या आधी यात सुतारकामाची अडचण आहे. सांध्याची रेघ कितीही साफ केली तरी डोळ्यांना खुपते. शिवाय लाकडाचा आडवा छेद उघडा राहिला तर तो पावसाळ्यात ओल पितो, उन्हाळ्यात सोडतो, आणि हळूहळू सरस धरेनासा होतो. कडेला पट्टी बसवली की छेद झाकला जातो, धक्का लागला तर आधी पट्टी झिजते, आणि रेघही सुबक दिसते. मग पट्टीशेजारी एखादी काळी रेघ ओढावीशी वाटते. एकीच्या दोन होतात, दोनाच्या सात होतात. सांध्याला हवे ते काम पहिल्या पट्टीनेच केलेले असते. बाकीच्या सहा गिऱ्हाइकासाठी.

म्हणजे नक्षीच्या तीन अवस्था दिसतात. आधी ती गरजेतून येते. मग गरज संपली तरी तिची आठवण म्हणून टिकते. शेवटी ती नुसती शोभा, आणि शोभेबरोबर किंमत, होऊन बसते. या क्रमाचा महाराष्ट्रातला सर्वांत जुना पुरावा वाद्यांपेक्षा पुष्कळ मोठ्या आकारात मावळातल्या डोंगरांत आहे. भाजे, बेडसे आणि कार्ले ही लेणी लोणावळ्यापासून जवळ, एकमेकांपासूनही फार दूर नाहीत, आणि त्यांच्यात साधारण दोन-तीन शतकांचा काळ मावतो.

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. त्याचे अष्टकोनी खांब अगदी साधे आहेत. त्यांना खाली बैठक नाही, वर शीर्ष नाही. पण ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. कमानदार लाकडी छताचा भार बाहेरच्या बाजूला रेटा देतो, तो पेलण्यासाठी लाकडी खांब असे कलते रोवत. डोंगर पोखरून काढलेल्या खांबावर असला रेटा येतच नाही. तरीही पाथरवटाने खांब कलता कोरला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. दर्शनी भिंतीवरच्या वेदिकापट्टीचेही तसेच आहे. खऱ्या लाकडी कठड्यात उभ्या खांबांना खोबणी पाडून आडव्या सुया त्यांत अडकवतात. दगडात सुई नाही, खोबणी नाही, सगळे एकाच कातळातले. सांधा मात्र कोरलेला आहे. चैत्याच्या तोंडाशी एके काळी खरोखरच लाकडी पडदी होती. ती गेली, तिच्यासाठी पाडलेली भोके राहिली.

याच लेणीसमूहात सूर्यलेणे म्हणून ओळखला जाणारा विहार आहे. त्याच्या ओसरीत नाचणारी स्त्री आणि तिच्याजवळ तालवाद्य वाजवणारी स्त्री अशी शिल्पे आहेत, आणि तबल्याच्या प्राचीनतेच्या वादात त्यांचा दाखला वारंवार दिला जातो. तो वाद इथे बाजूला ठेवता येईल. नक्षीच्या दृष्टीने एवढेच पाहायचे की शिल्पकाराने सगळा अलंकार माणसांवर खर्च केला आहे. डोक्यावरची जड पागोटी, गळ्यातले हार, हातापायांतली कडी यांवर त्याने जेवढे काम केले, तेवढे वाद्यावर केलेले दिसत नाही.

बेडशाला दर्शनी भाग पूर्ण दगडातला झाला. ओसरीतल्या उंच अष्टकोनी खांबांना तळाशी घट आला, वर घंटेच्या आकाराचे उलटे कमळ आले, आणि त्याहीवर घोडे, हत्ती, बैल यांच्या पाठीवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी आली. तळाच्या घटाचे मूळही व्यवहारात असावे. लाकडी खांब वाळवीपासून वाचवण्यासाठी मोठ्या भांड्यात उभा करत, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. दगडाला वाळवी लागत नाही. आत गेल्यावर मात्र बेडशाचे खांब पुन्हा भाज्यासारखे साधे अष्टकोनी. सगळी नक्षी बघणाऱ्याच्या पहिल्या नजरेसाठी दारात मांडलेली. वाद्ये बनवणाऱ्यांनीही पुढे नेमके हेच केले.

कार्ल्याला नक्षी दारातून आत शिरली. सुमारे १२४ फूट लांब असलेल्या या चैत्यगृहात ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना पायऱ्यांच्या बैठकीवर घट, वर घंटाशीर्ष, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर स्वार. स्तूपाच्या पाठीमागचे सात खांब मात्र बिनबैठकीचे, बिनशीर्षाचे. तिथे उजेड पोचत नाही, नजरही जात नाही. हिशेबी कारागिराने तिथे छिन्नी थांबवली. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे लेणे पूर्ण केल्याचे लेखात नोंदले आहे, आणि सगळ्या जंबुद्वीपात याहून उत्तम काही नाही असा दावाही त्यातच आहे. जाहिरातीची भाषा फार जुनी आहे. ओसरीतल्या बाजूच्या भिंतींवर मोठे हत्ती आहेत, त्यांना मुळात खरे हस्तिदंत बसवलेले होते असे मानतात. छताला लाकडी फासळ्या अजून आहेत. वरचा कातळ स्वतःच्या बळावर उभा आहे, त्या फासळ्या त्याचा काहीही भार पेलत नाहीत. नंतरच्या शतकांत दर्शनी भिंतीवरची आधीची नक्षी तासून तिथे बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. पंथ बदलला तशी जुन्या वस्तूवरची खूणही बदलली.

लेख नसते तरी या तीन लेण्यांचा क्रम खांबांवरून लावता आला असता, आणि अभ्यासकांनी तो तसा लावलाही. नक्षीवरून काळ ठरवण्याची हीच रीत जुन्या वाद्यांना लागू पडते. तिथे तर तिची गरज अधिक आहे. वाद्यावर दानलेख नसतो, कारखान्यांचे क्रमांक गोंधळाचे असतात, आणि चिठ्ठी उखडून दुसरी चिकटवता येते.

या रीतीचा सर्वांत काटेकोर वापर अमेरिकेतल्या आर्चटॉप गिटारच्या बाबतीत झाला. नेहमीच्या गिटारची पुढची फळी सपाट असते. आर्चटॉपची फळी जाड स्प्रूसच्या लाकडातून आतून-बाहेरून कोरून व्हायोलिनसारखी फुगीर काढतात. ही कल्पना मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावच्या ऑरव्हिल गिब्सन याची. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये निघाली. ऑरव्हिलच्या स्वतःच्या हातच्या वाद्यांवर शिंपल्याचे जडावकाम सढळ आहे. डोक्यावर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, चंद्रकोर आणि तारा ही त्याची आवडती खूण. ध्वनीसाठी मधोमध एकच गोल किंवा लंबगोल भोक असे, आणि त्याभोवती जडावाचे कडे.

१९२२ मध्ये या कंपनीने एल-५ नावाचे प्रारूप काढले. त्यावर लॉइड लोअर या वादक-अभियंत्याची देखरेख होती. मधले भोक गेले आणि व्हायोलिनसारखी इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन भोके आली. भोक मधून हटल्यामुळे फळीचा मधला भाग अखंड राहिला, आवाज लांबवर जाऊ लागला. आणि भोकाभोवतीचे जडावाचे कडे आपोआप नाहीसे झाले. सांधा किंवा कड गेली की तिच्यावरची नक्षी जाते, याचे हे चांगले उदाहरण. एल-५ ची बाकी सजावट तशी संयत होती. डोक्यावर शिंपल्याची फुलदाणी, दांडीवरच्या स्वरपट्ट्यांच्या मध्ये स्वरस्थाने दाखवणारे छोटे गोल ठिपके, आणि कडेला गडद होत जाणारा तपकिरी रंग, जुन्या व्हायोलिनची आठवण देणारा. अमेरिकी लोकसंगीतातल्या मेबेल कार्टर यांनी १९२८ मध्ये एल-५ घेतली. तिच्यावर ठिपके आहेत. १९२९ पासून ठिपक्यांच्या जागी शिंपल्याचे पूर्ण चौकोनी ठोकळे आले. स्वरस्थान ओळखायला ठिपका पुरत होता. ठोकळा मागच्या रांगेतल्या श्रोत्याला दिसावा म्हणून.

बरोबर आर्थिक मंदीच्या वर्षांत नक्षी वाढली, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. कारण बाजारात शोधावे लागते. १९२० च्या दशकात नाचाच्या बँडमध्ये बँजो चाले, आणि बँजो हे अतिशय चमचमते वाद्य होते. १९३० च्या आसपास बँजोवाले गिटारकडे वळले तेव्हा चमक त्यांना सोडवेना. त्यात १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या एपिफोन कंपनीने आर्चटॉपची अख्खी मालिका बाजारात आणली. ही कंपनी ग्रीक वंशाच्या स्टॅथोपुलो घराण्याची. त्यांच्या उंची गिटारच्या डोक्यावर शिंपल्याची नागमोडी वेल चढलेली असे. गिब्सनने १९३४ च्या अखेरीस १८ इंच रुंदीची सुपर ४०० काढली. नावातला आकडा हीच तिची डॉलरमधली किंमत. कडेला एकावर एक सात थरांच्या पट्ट्या, स्वरपट्ट्यांमध्ये तिरके चिरलेले ठोकळे, डोक्यावर दुभंगलेला हिरा. एपिफोनने लगेच पुढच्या वर्षी तिच्याहून अर्धा इंच रुंद एम्परर आणली. या चढाओढीत वाद्याचा आवाज किती सुधारला हा प्रश्न वादाचा आहे; पट्ट्यांची संख्या निश्चित वाढली.

या सगळ्यांत नक्षीची सर्वांत वेगळी समज जॉन डी'अँजेलिको (१९०५–१९६४) यांची दिसते. १९३२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या केनमेअर रस्त्यावर छोटे दुकान टाकले आणि मरेपर्यंत तिथेच साधारण ११६४ गिटारी बनवल्या. न्यूयॉर्कर या त्यांच्या प्रारूपाच्या डोक्यावर शिंपल्यात कोरलेली गगनचुंबी इमारत आहे. तारा जिथे अडकतात ते खालचे धातूचे टेलपीस पायऱ्या-पायऱ्यांचे, बोटांच्या घर्षणापासून फळी वाचवणारी पट्टीही पायऱ्यांची. त्या वर्षांत शहरात उभ्या राहिलेल्या उंच इमारतींचा वरचा भाग असाच टप्प्याटप्प्याने आत जात होता. भाज्याच्या पाथरवटाने शहरातला लाकडी कठडा आणि गवाक्ष डोंगरात आणले, डी'अँजेलिको यांनी आपल्या गल्लीवरची इमारत गिटारच्या डोक्यावर आणली. दोन्हीकडे नक्षी इमारतीकडून आली आहे. फरक एवढाच की भाज्यात पाथरवटाने सांधाही उचलला, न्यूयॉर्करवर फक्त आकार आला.

१९४२ नंतर युद्धामुळे धातू दुर्मीळ झाला आणि सजावट आखडली. युद्धानंतर गिब्सनने डोक्यावरची तिरकी, हाताने लिहिल्यासारखी सही काढून ठळक ठोकळी अक्षरे बसवली. जुन्या वाद्यांचे व्यापारी आज पहिल्यांदा तिथेच बघतात. पण खरा बदल १९३६ मध्येच येऊन गेला होता. त्या वर्षी गिब्सनची विजेवर चालणारी ईएस-१५० निघाली. आवाज वाढवायला आता मोठे, कोरलेले, फुगीर शरीर लागेना. १९४९ च्या ईएस-१७५ मध्ये तर फळी अखंड लाकडातून कोरलेलीही नाही; पातळ थर चिकटवून साच्यात दाबलेली आहे. एफ-भोके मात्र तशीच आहेत. आवाज त्यांच्यातून बाहेर पडण्याची तितकी गरज उरली नव्हती, तरी ती काढायची कुणाची छाती झाली नाही. कार्ल्याच्या लाकडी फासळ्या आणि ही भोके एकाच जातीची.

डी'अँजेलिकोंचे शिकाऊ जेम्स डी'अक्विस्टो (१९३५–१९९५) यांनी उलटी वाट धरली. गुरूच्या मृत्यूनंतर काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्करच्याच पायऱ्या कोरल्या. नंतर शिंपला गेला, सोनेरी धातू गेला, प्लास्टिक गेले. टेलपीस आणि बोटांखालची पट्टीही आबनुसाची झाली. शेवटच्या वर्षांतल्या त्यांच्या गिटारींवर जवळजवळ फक्त लाकूड आहे. जडावापेक्षा लाकडाचा पोत बघणारे गिऱ्हाईक तोवर तयार झाले होते. त्या साधेपणाची किंमत सुपर ४०० च्या झगमगाटाहून कमी नव्हती, हेही खरे.

अमेरिकेतल्या गिटारी आणि मिरजेचे तंबोरे यांना जोडणारी वस्तू म्हणजे सेल्युलॉइड. कापसाचे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून हा पदार्थ बनतो. १८६९–७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी तो व्यापारी स्वरूपात आणला. बिलियर्डच्या चेंडूंसाठी लागणाऱ्या हस्तिदंताला पर्याय शोधताना हा शोध लागला. कंगवे, चष्म्याच्या काड्या, बाहुल्या, टेबल टेनिसचे चेंडू आणि चित्रपटाची फीत, सगळे याचेच. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर उतरला ती आणि एल-५ च्या कडेची पट्टी रसायनाने सख्ख्या बहिणी. गरम केले की सेल्युलॉइड वाकते, हस्तिदंताप्रमाणे त्याच्या पानावर टोचणीने चित्र कोरता येते, कासवाच्या पाठीचा किंवा शिंपल्याचा भास देता येतो. वाद्यकारागिराला यापेक्षा काय हवे?

दोष पुढे कळले. सेल्युलॉइड भडकन पेटते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फितींना आग लागून कित्येक चित्रपट नष्ट झाले, ते या गुणामुळे. न पेटताही ते आतून सडते. कापूर उडून जातो, पट्टी आकसते, सांध्यावर ताणून शेवटी तुटते, आणि सुटणाऱ्या आम्लवायूने शेजारचा धातू गंजतो. पेटीत बंद राहिलेल्या कित्येक जुन्या गिटारींच्या सोनेरी खुंट्या अशाच हिरव्या पडल्या. सांध्याचे रक्षण करण्यासाठी जी पट्टी लावली तिनेच सांधा उघडा पाडला.

मिरजेत वाद्ये बनवण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या भावांची नावे या धंद्याच्या आरंभी घेतली जातात. घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार आणि जिल्हई देणाऱ्यांचे. हत्यारांचे दिवस सरले, पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गाणे-बजावणे होते, दुरुस्तीला आलेली वाद्ये हाताखालून गेली आणि त्यांतून नवी घडू लागली. पुढे सतारमेकर हेच आडनाव पडले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरातल्या गल्लीत आजही ही कुटुंबे काम करतात. १९३७ मध्ये निधन पावलेले गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. उत्तम गवई आणि उत्तम तंबोरे एका गावात असणे हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

तंबोऱ्यातले सांधे गिटारपेक्षा अवघड असतात, कारण त्यांत दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू जोडायच्या असतात. भोपळा हे फळ आहे. कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठच्या भागातून येतात. वाळवून, भिजवून, कापून त्यांना आकार देतात. त्यावर तून किंवा तत्सम लाकडाची तबली बसते, आणि लाकडाच्याच गळ्याने दांडी जोडली जाते. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून गळ्याची कड प्रत्येक वेळी नव्याने बसवावी लागते आणि कितीही बसवली तरी थोडी फट राहते. कोरलेली पाने नेमकी या फटीवर येतात. पानांची टोके भोपळ्यावर पसरतात, देठ दांडीकडे जातात. जोड झाकतो, आणि भोपळ्याच्या नाजूक कडेला लाकडाचा आधार मिळतो. वेलीला फळ लागावे तसा तंबोरा दिसतो. ही कल्पना कुणा कवीची वाटेल इतकी साजरी आहे, पण तिचे मूळ फटीत आहे.

तबलीच्या आणि दांडीच्या कडेची पट्टी ही दुसरी जागा. दरबारी वाद्यांवर हस्तिदंत चाले. घोडी सांबरशिंगाची किंवा हाडाची असे, कारण जवारी, म्हणजे तारेचा झणझणता गुंजार, धरण्यासाठी पृष्ठभाग कठीण लागतो. विसाव्या शतकात पट्ट्यांमध्ये सेल्युलॉइड आले आणि हस्तिदंत मागे पडले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी उरलेले काम केले, शिंगही गेले. पांढऱ्या पट्टीवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी खोदायची, खोदलेल्या रेघांत काळा रंग भरायचा आणि वरचा रंग पुसून काढायचा, ही हस्तिदंतावरची रीत सेल्युलॉइडवर तशीच आली, नंतरच्या प्लास्टिकवरही तीच चालू आहे. म्हणून फोटोवरून पट्टीचा काळ ओळखणे कठीण जाते. हातात घेतल्यावर हस्तिदंताच्या तंतूंच्या रेषा दिसतात. जुने सेल्युलॉइड पिवळे पडलेले आणि आकसून मधे भेगाळलेले असते. प्लास्टिक सपाट आणि निर्विकार.

कामाची वस्तूही अलंकार कशी होते ते तंबोऱ्याच्या मण्यांत दिसते. घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी खाली-वर सरकवला की सूर बारीकसा चढतो किंवा उतरतो. खुंटीने जे साधत नाही ते मणी साधतो. त्याचा आकार गोल असला तरी चालते. पण अनेक वाद्यांवर तो हंसाचा किंवा बदकाचा असतो. मानेखाली अंगठा बसतो म्हणून हा आकार धरायलाही सोयीचा आहे. गिटारच्या पायऱ्यांच्या टेलपीसबद्दल असे म्हणता येत नाही.

नक्षी कुठे दाट आणि कुठे विरळ हे ऐकणाऱ्यांच्या जागेवरून ठरते. मैफलीत तंबोरा गवयाच्या मागे उभा धरलेला असतो. श्रोत्यांना तबलीचा आणि दांडीचा दर्शनी भाग दिसतो. भोपळ्याची पाठ साथीदाराच्या मांडीआड जाते. बहुतेक काम त्यामुळे पुढच्या बाजूला. तंबोरे जोडीने लागतात, आणि जोडीतल्या दोन्ही वाद्यांची वेल सारखी असावी अशी गवयांची अपेक्षा असते. सुरात जुळणाऱ्या जोडीइतकी नक्षीत जुळणारी जोडी मिळणे अवघड नसले तरी त्यासाठी एकाच हाताने दोन्हींवर काम करावे लागते.

सतारीत हा प्रवास दोन टोकांना गेला. पंडित रविशंकरांच्या पद्धतीची सतार भरपूर कोरीव, वरच्या बाजूला दुसरा छोटा भोपळा, खर्जाच्या तारा असलेली. उस्ताद विलायत खाँ यांच्या पद्धतीची सतार जवळजवळ बिननक्षीची, एकाच भोपळ्याची. दोन वादनपद्धती नक्षीवरून ओळखू येऊ लागल्या, आणि गिऱ्हाईक आपली बाजू सतार विकत घेतानाच जाहीर करू लागले. १९६० च्या दशकात रविशंकरांमुळे पाश्चात्त्य देशांत सतारीची मागणी वाढली. तिकडे भिंतीवर टांगायला आणि फोटोत दिसायला कोरीव सतार जास्त पसंत पडली. दाट नक्षी म्हणजे जुनी किंवा उत्तम सतार, हा समज तिथूनच घट्ट झाला असावा. मिरजेतल्या जाणत्या कारागिराकडे मात्र गवई आधी तबलीवर बोट मारून बघतो आणि पट्टीकडे नंतर वळतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या वैशिष्ट्यांसाठी असे मानांकन दिले जाते त्यांत लाकूड, भोपळा आणि हाताचे काम येते. पानांचा आकार घराण्याप्रमाणे बदलतो, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. दरम्यान रियाझाची खोली इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने व्यापली आहे. ती चौकोनी पेटी आहे, तिच्यावर बटणे आहेत. अलीकडे तेच काम फोनमधले ॲप करते, आणि त्याच्या पडद्यावर कित्येकदा तंबोऱ्याचे चित्र असते. चित्रात पाने असतात.

प्रवासासाठी सपाट, भोपळा नसलेले छोटे तंबोरेही बनतात. बसच्या टपावर किंवा विमानात भोपळा फुटण्याची भीती ज्यांना वाटते त्यांची ही सोय. त्यांची दांडी आणि पेटी सपाट फळ्यांची असते. भोपळ्याला मिळणारा गळाच नसल्यामुळे त्यांच्यावर पाने नसतात. कडेची पांढरी पट्टी मात्र असते, कारण वरची फळी आणि बाजूची फळी यांचा सांधा तिथे अजून आहे.